नांगीसकट

वाशिम जिल्ह्यातली माणसं फार भली आहेत, आणि योगिनीची पीएच.डी. सहा वर्षं रखडली ती केवळ त्यामुळे.

तिचा विषय होता विंचवाची शेपूट. विंचू अंडी घालत नाही, त्याची पिल्लं आईच्या पोटातच वाढतात. तिथं त्यांना शेपूट कशी फुटते, ती कुठून वळते आणि तिच्या टोकाला नांगी कधी बसते, एवढंच तिला शोधून काढायचं होतं. त्यासाठी गाभण माद्या लागायच्या. तिचे मार्गदर्शक हरीओम सर यांनी गावोगावच्या ओळखीतून निरोप धाडला होता, की विंचू दिसला तर मारू नका, कॉलेजात आणून द्या. सरकारी योजनेलासुद्धा मिळत नाही असा प्रतिसाद या निरोपाला मिळाला. अनसिंगहून, धनजहून, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून डबे येऊ लागले. औषधाच्या बाटल्या आल्या, तंबाखूच्या डब्या आल्या, एकदा रुखवतातला स्टीलचा डबा आला आणि त्यावर नवरीचं नाव कोरलेलं होतं. प्रत्येक डब्यात विंचू होता. आणि प्रत्येक विंचवाची नांगी मोडलेली होती.

यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. कॉलेजातल्या पोरीच्या हातात विंचू द्यायचा म्हणजे तो आधी निवडून, साफ करून द्यायला नको का? भाजीवालासुद्धा मेथीची मुळं झटकून देतो. लोक विंचू पकडायचे, चिमटीत नांगी धरून कटकन मोडायचे, आणि मग बाजाराच्या दिवशी वाशिमला जाणं होईल तेव्हा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहायचे. चेहऱ्यावर समाधान असायचं. "घ्या बाई. काही भेव नाई आता."

भेव नव्हतं, पण अडचण होती. विंचवाची शेपूट ही खरं तर शेपूट नसते, ते त्याचं मागं लांबत गेलेलं पोटच असतं. आतडं तिच्यातून पार शेवटापर्यंत जातं आणि मोकळं व्हायची जागा नांगीला लागूनच असते. नांगी ओढून मोडली की बहुतेकदा ती जागाही बुजते. मग मादी खात नाही, हलत नाही, काचेच्या पेटीत एका कोपऱ्यात मोठ्या मानी बाईसारखी बसून राहते आणि आतल्या आत पोटातले गर्भ विरघळवून टाकते. विंचवाच्या बद्धकोष्ठावर जगात सर्वांत जास्त निरीक्षणं योगिनीकडे असावीत. पण त्यावर पीएच.डी. मिळत नव्हती. तिनं विचारून पाहिलं होतं.

प्रयोगशाळा म्हणजे प्राणिशास्त्र विभागामागच्या दोन खोल्या. पहिलीत हरीओम सर बसायचे. सरांना मुळात माशांवर काम करायचं होतं, पण त्यांचा तलाव दरवर्षी प्रबंधाच्या आधी आटायचा, म्हणून ते कोरड्यात राहणाऱ्या प्राण्यांकडे वळले. कोळी आणि विंचू एकाच खानदानातले. एकाचं पोट आखडून गोळा झालं आणि दुसऱ्याचं लांबून शेपूट झाली, हे कसं घडलं असेल, या प्रश्नावर सरांनी ती दोन खोल्यांची प्रयोगशाळा उभी केली होती. त्यांना निवृत्तीचे वेध लागले होते आणि कुठल्याही अडचणीवर ते एकच शब्द बोलायचे: "पाहू." दुसऱ्या खोलीत एका बाजूला योगिनीचे विंचू आणि दुसऱ्या बाजूला तूबाचे कोळी.

तूबा कारंज्याची, वडिलांचं चपलांचं दुकान. ती योगिनीच्या मागून तीन वर्षांनी आली आणि आता पुढं निघून चालली होती, कारण कोळी अंडी घालतात. पाव चमचाभर चिलटं खायला घाला, आठवडाभरात रेशमाच्या पिशवीत अंडी तयार. त्यांना कोणाच्या ओळखी लागत नाहीत, बाजाराचा दिवस लागत नाही. मागच्या वर्षी तूबानं अंड्यांवर काहीतरी औषध टोचलं आणि तिच्या एका कोळ्याला आठाऐवजी दहा पाय आले. कशासाठी आले हे तिला शास्त्रीयदृष्ट्या ठाऊक होतं, कोळ्याला नव्हतं. तो उरलेले दोन पाय कुठं ठेवावेत या विवंचनेतच गेला. पण त्याचा फोटो पेपरात आला, प्राचार्य सपत्नीक पाहायला आले, आणि योगिनीच्या आईनं फोनवर विचारलं, "तुह्या इच्चवाले एक शेपूट येऊन नाई राह्यली अन् त्या पोरीच्या कोळ्याले दोन पाय जास्तीचे आले?"

"हो आई."

"मंग तिच्याकून शिकून घे ना काही."

योगिनी तेव्हा चिडली नाही. चिडायला ताकद लागते. आताशा ती सकाळी प्रयोगशाळेत आली, की पहिली काही मिनिटं नुसती स्टुलावर बसून राहायची, जशी माणसं बस चुकल्यावर बसतात.

तिच्या प्रबंधात शेपटीच्या पाच अवस्था होत्या. एखादी मादी नांगी मोडूनही तग धरायची, त्यामुळे चार अवस्था रडतखडत मिळाल्या होत्या. चौथी मिळाली नव्हती. चौथी म्हणजे शेपूट लांबून पोटाखालून पुढं वळते पण टोकाला काटा अजून फुटलेला नसतो, ती. सगळं तिथंच ठरतं, तीच नाही म्हटल्यावर प्रबंध म्हणजे मधलं पान फाटलेलं पुस्तक. विद्यापीठाच्या समितीनं दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा त्यांनी कळवलं, की मार्चमधल्या बैठकीत चौथी अवस्था दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द.

बैठक गुरुवारी होती. आदल्या रविवारी तूबानं तिला स्कुटीवर घातलं आणि अनसिंगला देवमनआबांकडं नेलं.

देवमनआबा हे प्रयोगशाळेचे सर्वांत जुने पुरवठादार. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गोट्यांची लांबलचक रास होती आणि तिच्याखाली विंचवांची चांगली वस्ती. आबांचा हात इतका साफ होता, की मोडलेली नांगी कुठं होती हे शोधावं लागायचं. त्यांनी दोघींना गोठ्यासमोर बाजेवर बसवलं, चहा दिला आणि स्वतः बशीत ओतून घेतला.

"आबा, एक विनंती होती," योगिनी म्हणाली.

"बोल ना पोरी."

"आता विंचू आणाल तर नांगी मोडू नका."

आबांनी बशी खाली ठेवली. "मंग कसा आनू?"

"जसा असतो तसाच."

"नांगीसगट?"

"हो."

"अन् तुह्या हातात देऊ?"

"हो, आबा."

आबांनी गोठ्यातल्या म्हशीकडं पाहिलं. "आयकलं का? नांगीसगट इच्चू द्या म्हनते पोरीच्या हातात." म्हशीनं ऐकलं होतं, पण तिनं मत दिलं नाही.

"माझा अभ्यासच नांगीचा आहे हो."

"मंग असं सांग ना! नांगी मी अलग पुडीत बांधून आनत जातो."

तूबाला ठसका लागला. योगिनीनं डोळे मिटले आणि परत उघडले. "तसं नाही. मोडली की मादी आजारी पडते. पोटातली पिल्लं विरघळून जातात."

"अन् नाई मोडली तं तू आजारी पडशीन. थ्याचं काय?"

"आबा, सुनो तो," तूबा मधे पडली. "ताईची सहा सालाची मेहनत अडकून राह्यली. गुरुवारी समिती हाये. एक शेपटीचा फोटो नाही दिला ना, तर नाव कटते हिचं."

"नाव कटते म्हंजे?"

"म्हणजे संपलं," योगिनी म्हणाली. "घरी जायचं."

आबांनी तिच्याकडं पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं. "तरीच म्हनलं, हे पोरगी अशी सुकून काहून राह्यली. मले वाटे, विषानं." मग खाली ठेवलेली बशी उचलून त्यांनी उरलेला चहा संपवला. एका बाजूला पोरीचं नाव होतं, दुसऱ्या बाजूला घराण्याचं. "आनतो," शेवटी ते म्हणाले. "पन कोनाले सांगजो नको. आमच्या घरून आजलोक कोनाच्या हाती नांगीसगट इच्चू गेला नाई."

मंगळवारी दुपारी आबा आले. बाजाराचा दिवस नव्हता, वाशिमला दुसरं काही काम नव्हतं. सकाळी गोटे उलथले, मादी सापडली आणि तिच्यासाठी तिकीट काढून ते तडक बसमध्ये बसले. हातात चुन्याची मोठी डबी, डबीवर फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीवर स्वतःचा रुमाल. सगळी गाडीभर त्यांनी ती डबी छातीपासून हातभर दूर धरली होती, म्हणून खांदा धरला होता.

"घे," आबा पडेल आवाजात म्हणाले. "पोट पाह्य कसं तटतटून हाये. अन् नांगी हाये बरं. मी हात नाई लावला."

हरीओम सर खोलीतून उठून आले. तूबानं हातातली चिलटांची बाटली खाली ठेवली. योगिनीनं सुतळी सोडली, फडकं काढलं, झाकण उघडलं. आत तांबडी मादी होती, पोट फुगलेलं, शेपूट पाठीवर कमानीसारखी वळलेली, आणि कमानीच्या टोकाला, जिथं असायला हवी तिथंच, नांगी. सहा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण विंचू. तिनं नेहमीसारखी दोन बोटं आत घातली आणि मादीला उचललं.

"अवं बाई," आबा एवढंच म्हणू शकले.

विंचवांच्या बाबतीत जिल्ह्यात योगिनीइतकं शिकलेलं कोणी नव्हतं. पण तिनं आजवर हाताळलेले सगळे विंचू निःशस्त्र होते, आणि चिमटा वापरायची तिची सवय पहिल्याच वर्षी मोडली होती. मादीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं आपलं काम केलं.

बोटातून कोणीतरी तापलेली तार ओढत खांद्यापर्यंत नेतंय असं योगिनीला वाटलं. मादी डबीत परत पडली. आबांनी पायातली चप्पल काढून हातात घेतली, कारण विंचू चावला की आधी विंचू मारायचा आणि मग माणसाकडं पाहायचं, ही रीत. योगिनीनं झाकण दाबलं आणि डबी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"मारू नका!"

"चढली हिले," आबा सरांना म्हणाले. "बरळून राह्यली."

"मी शुद्धीत आहे! हिला मारलं तर मी मेले!"

"आयका."

आबांना विंचवाचा मंत्र येत होता, पण कॉलेजच्या जागेत म्हणावा की नाही याबद्दल त्यांना शंका होती. त्यांनी सरांना विचारलं. सरांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणा. पण विभागाच्या नावावर नको." मग त्यांनी स्वतः धावत जाऊन ऑटो आणला. सरांना धावताना योगिनीनं सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. एका बाजूला आबा मंत्र पुटपुटत, दुसऱ्या बाजूला तूबा, मधे योगिनी आणि तिच्या मांडीवर डबी, असे ते बसस्टँडामागच्या दवाखान्यात पोचले. ऑटोवाल्यानं डबीत काय आहे विचारलं, आबांनी खरं सांगितलं, आणि ऑटो बराच लवकर पोचला.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, गोळी दिली, सलाईन लावलं. तांबड्या विंचवाचं विष हृदयावर जाऊ शकतं, म्हणून उद्या संध्याकाळपर्यंत इथून हलायचं नाही, असं बजावलं. योगिनीला घामाच्या धारा लागल्या होत्या, दोनदा उलटी झाली होती, हात खांद्यापासून पेटला होता. तरी "हलायचं नाही" हे ऐकून तिला आतून बरं वाटलं. एवढ्या वर्षांत तिला आडवं व्हायची ही पहिली अधिकृत परवानगी होती. गुरुवार मात्र तसाच होता. मादीला आज रात्र प्रयोगशाळेत ठेवू, उद्या तूबा उघडेल, मी इथून फोनवर सांगेन, असा बेत तिनं मनाशी केला. डबी तिनं उशाशी ठेवली.

शेजारच्या खाटेवर सोजरबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या. साखर वाढून आल्या होत्या, आणि आता साखर उतरली तरी त्यांना घरी जायची घाई नव्हती. "कायचा डबा हाये वं?" त्यांनी विचारलं.

योगिनी उत्तर देणार होती, पण तिसरी उलटी आली. म्हणून आबांनी दिलं.

वॉर्ड उठला. म्हणजे ज्यांना उठायला मनाई होती तेसुद्धा उठले. एका बाईनं लेकरू उचलून खिडकीत ठेवलं, एकानं सलाईनच्या दांड्यासकट दार गाठलं, सोजरबाईंनी दोन्ही पाय खाटेवर घेतले आणि सिस्टरच्या नावानं हाका सुरू केल्या. "नांगी हाये का त्याले? नांगी हाये का?"

आबा मधोमध उभे होते. चारी बाजूंनी बायाबापड्या, लेकरं, आजारी माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी तो एकच प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांच्या घराण्यानं आजवर कधी "हो" असं दिलं नव्हतं. त्यांनी डबी उघडली, चिमटीत शेपटीचं टोक धरलं आणि कटकन मोडलं. नांगी कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकली.

"बसा आता," आबा म्हणाले. "काही भेव नाई."

लोक बसले. योगिनी उलटीच्या भांड्यावरून डोकं वर काढून हे पाहत होती. तिला ओरडायचं होतं, पण नेमकं कोणावर ओरडावं हे कळेना. ज्या माणसानं तिच्यासाठी घराण्याची रीत मोडली, त्यानं दहाएक आजाऱ्यांसाठी ती परत जोडली होती. तिनं मान उशीवर टाकली.

"तूबा," ती म्हणाली. "मायक्रोस्कोप घेऊन ये."

"इधर?"

"इथंच. उद्यापर्यंत ती आतलं सगळं विरघळवून टाकते. आता उघडली तर उघडली."

"ताई, तुम्हाला सलाईन लागलेलं आहे."

"हो, तेही लागेलच. गर्भ साध्या पाण्यात फुटतात."

तूबानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि स्कुटीची चावी उचलली. सरांनी बाहेरच्या रसवंतीवरून उसाच्या रसाचा बर्फ आणला, मादीला थंड करून गुंगवायला. दोन ग्लास रसही आणला, तो आबांनी आणि सोजरबाईंनी घेतला; सोजरबाईंना रस वर्ज्य आहे हे सिस्टरच्या लक्षात येईपर्यंत ग्लास रिकामा होता. तूबा परत आली तेव्हा वॉर्डातला एकुलता एक प्लग कोणाच्यातरी मोबाइलनं अडवला होता. मोबाइलवाला म्हणाला, चार टक्के आहे. सर म्हणाले, "पाहू." आणि त्यांनी मोबाइल काढला. सर असंही करू शकतात, हे योगिनीला तापल्या डोक्यातही नोंदवावंसं वाटलं.

"इथं चिरफाड चालत नाही," सिस्टर दारातून म्हणाली.

"करू दे वं सिस्टर," सोजरबाई म्हणाल्या. आता त्यांचे पाय खाली आले होते. "नांगी तं काढली. पोरीचं नाव कटून राह्यलं म्हने."

"कुठून कटतंय?"

"कॉलेजातून."

हे सिस्टरला पटण्यासारखं होतं. तिनं स्टीलचा एक ट्रे दिला, योगिनीच्याच संपत आलेल्या बाटलीतलं सलाईन त्यात ओतलं, हा ट्रे मला परत देऊ नका म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली. पाठ केली तरी मान वळलेली होती.

तूबाचा हात स्थिर होता. कोळ्याच्या मोहरीएवढ्या अंड्यांना सुया टोचून टोचून तो तसा झाला होता. योगिनी आडवी पडून सांगत होती, बाजूनं काप, खोल नको, आतडं काळपट दिसेल ते सोड, त्याच्या बाजूला पांढऱ्या माळा असतील. वॉर्ड गोल करून उभा होता. कोणीतरी टिफिन उघडला होता आणि पोळी हातातच राहिली होती.

"माळ निघाली," तूबा म्हणाली.

"किती हायेत?" सोजरबाईंनी विचारलं.

"पंचवीसेक."

"बाप्पा!" सोजरबाई म्हणाल्या. "अन् इथं मले एक पाह्यले येत नाई."

तूबानं एक गर्भ काचेवर घेतला आणि डोळा लावला. योगिनीला छताचा पंखा दिसत होता आणि तूबाची पाठ दिसत होती. पाठीवरून काही कळत नव्हतं. शेपूट अजून फुटलीच नसेल तर ही तिसरी अवस्था, ती आहे आपल्याकडं. काटा आला असेल तर पाचवी, तीही आहे. सहा वर्षं आणि एक हात यांच्या बदल्यात आपल्याकडं असलेलीच गोष्ट परत मिळायची शक्यता खूप होती. आणि मग परवा समितीपुढं उभं राहून "नाही मिळाली" म्हणायचं, आणि मग घरची, मानोऱ्याची गाडी. तिला आश्चर्य वाटलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. फक्त कोणीतरी एकदाचं सांगावं असं वाटतंय.

"बोल गं."

"रुको, ताई." तूबानं दुसरा गर्भ घेतला. मग तिसरा. "शेपूट आहे. पोटाखालून पुढं वळलीये, डोक्याच्या जवळपर्यंत."

"टोक?"

"गोल. तांदळाच्या कणीसारखं."

"काटा?"

"नाही. ताई, काटा नाही." तूबा वळली, तिचे डोळे भरले होते. "सगळ्यांचं सेम. चौथी है, ताई. चौथीच है."

सर खाली वाकून पाहू लागले आणि बराच वेळ वर आले नाहीत. सर रडत होते की भिंग पुसत होते, हे कोणी विचारलं नाही. तूबानं मोबाइल भिंगाला लावून फोटो काढायला सुरुवात केली.

"झाली का मोकळी?" सोजरबाईंनी योगिनीला विचारलं.

"झाली."

"पोरं?"

"बरी आहेत," योगिनी म्हणाली आणि झोपली. डॉक्टर येऊन रक्तदाब पाहून गेले, तिला जाग आली नाही.

गुरुवारी ती समितीपुढं उभी राहिली तेव्हा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत सुजलेला होता, म्हणून पडद्यावरचे फोटो सर पुढं सरकवत होते. फोटो चांगले आले होते. ट्रेच्या एका फोटोच्या कडेला सोजरबाईंच्या हिरव्या बांगड्या आल्या होत्या, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, ही चिरफाड कोणत्या प्रयोगशाळेत केली. सर उभे राहिले आणि म्हणाले, "फिरत्या."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "उत्तम. खरंच उत्तम. पण या एकाच मादीचे गर्भ आहेत ना?"

"हो सर," योगिनी म्हणाली.

"एकीवरून कसं म्हणता येईल? किमान तीन माद्या हव्यात. अजून दोन करा." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "एक वर्ष वाढवून देतो. अभिनंदन."

बाहेर व्हरांड्यात सरांनी तिला पेढा दिला. तिनं तो डाव्या हातानं खाल्ला. नाव वाचलं होतं. म्हणजे अजून एक वर्ष होतं. या दोन गोष्टी एकच आहेत हे पेढा संपेपर्यंत तिच्या लक्षात आलं. पेढा चांगला होता.

मग पायरीवर बसून तिनं आबांना फोन लावला.

"आबा, झालं. नाव राहिलं."

"चांगलं झालं बाप्पा. हात?"

"हातही राहिला."

"पोरी, मी तुहा शब्द मोडला. पन तिथं लेकरं होती."

"आबा, आता अजून दोन लागतात."

"नांगीसगट?"

योगिनी दवाखान्यातून आल्यापासून याच एका गोष्टीचा विचार करत होती आणि विचार जिथं येऊन थांबत होता ती जागा तिला आवडत नव्हती. त्या मादीची नांगी वॉर्डात मोडली होती, तरी गर्भ धडधाकट निघाले. कारण तासाभरात उघडलं. आजवरच्या माद्या नांगी मोडल्यावर बाजाराचा दिवस येईपर्यंत डब्यात बसून राहायच्या. तोवर आत काही शिल्लक राहायचं नाही.

"मोडून द्या," ती म्हणाली. "पण कॉलेजच्या दारात येऊन मोडा. बाजाराची वाट पाहू नका, सापडली की निघायचं."

"म्हंजे नांगीचं काही नोतंच?"

"नव्हतं, आबा. दिवसांचं होतं."

"सहा साल?"

"सहा."

आबांनी तिची थट्टा केली नाही. "आता नाई भेटत," ते म्हणाले. "सारे गोटे उलथून झाले. आता पोटुशी भेटली तं पुढच्या सालीच. तवलोक झोप जरा."

ती झोपली नाही, कारण प्रबंधातलं पद्धतीचं प्रकरण सरांना सोमवारी हवं होतं. माद्या कशा मिळवल्या, कशा हाताळल्या, हे त्यात लिहायचं असतं. डाव्या हातानं एकेक अक्षर टाइप करत तिनं लिहिलं: "उपस्थितांच्या सोयीसाठी माद्यांच्या नांग्या उघडण्यापूर्वी मोडण्यात आल्या." सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं, पेन्सिल उचलली आणि समासात लिहिलं, "ही पद्धत कोणाची? संदर्भ द्या."

योगिनीनं सगळी पुस्तकं चाळली, असा संदर्भ कुठं सापडला नाही. मग तिनं यादीत, दोन परदेशी शास्त्रज्ञांच्या मधे, वर्णक्रमानं जिथं येत होतं तिथं टाकलं: देवमन, मु. पो. अनसिंग, प्रत्यक्ष संभाषण. सरांनी ते पाहिलं, काही खोडलं नाही, आणि फक्त एवढंच विचारलं की आबांचं आडनाव काय. तिला ते माहीत नव्हतं. सहा वर्षांत तेही विचारायचं राहून गेलं होतं.